वाक्य एकेचाळीस

'मी वरील धोरण वाचले असून ते मला पूर्णपणे समजले आहे.' या ओळीसमोरच्या चौकटीत तृप्ती भोईटेनं बारा वर्षांच्या नोकरीत किती वेळा टिचकी मारली असेल, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. त्यातल्या स्वतःच्या नावानं मारलेल्या अगदी थोड्या. बाकीच्या सगळ्या दुसऱ्यांच्या नावानं, आणि त्या दुसऱ्यांच्या संमतीनं.

कराडजवळच्या औद्योगिक वसाहतीत नीरगंगा डेअरी होती आणि तिच्या प्रशिक्षण विभागात तृप्ती होती. विभाग म्हणजे एक खोली, दोन संगणक, एक खडखडणारा पंखा आणि ती. पुण्याच्या मुख्य कार्यालयातून दर तीन महिन्यांनी ऑनलाइन कोर्स येत. आग लागली तर काय करावं, हात कसे धुवावेत, अमोनियाची गळती झाली तर कुठं पळावं. प्रत्येकानं आपल्या नावानं संगणकासमोर बसून ते पुरे करायचे, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तृप्तीच्या खणात एक वही असे, त्या वहीत सगळ्यांचे पासवर्ड असत आणि जेवणाच्या सुट्टीत डाव्या हातानं भाकरी खात खात ती उजव्या हातानं अख्ख्या पाळीला सज्ञान करून सोडत असे.

यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. वसाहतीतल्या प्रत्येक कारखान्यात अशी एक ताई किंवा एक भाऊ होताच. कोर्सची भाषाही अशी, की ती वाचून माणूस शहाणा होण्यापेक्षा घाबरण्याची शक्यता जास्त. 'बाधित क्षेत्रातून विनाविलंब निष्क्रमण करावे' हे वाक्य तिनं एकदा कॉम्प्रेसरखोलीतल्या रंगतात्यांना वाचून दाखवलं होतं. तात्या म्हणाले होते, "पोरी, ह्ये वाचंस्तवर मानूस मरंल की." पुण्याच्या लोकांनाही हे सगळं ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून कुणी ती उघडत नव्हतं.

मग नियम कामगाराला खरंच समजलाय का हे मोजायला लावणारा कायदा आला आणि त्याच्यापाठोपाठ बोधमापक आला.

बोधमापक म्हणजे कपाळावरून कानामागं जाणारा एक लवचिक पट्टा. त्यामागचं शास्त्र नवं नव्हतं, पट्ट्याएवढं स्वस्त आणि हलकं झालं होतं एवढंच. 'तिनं चहात साखर घालून तो ढवळला' हे वाक्य ऐकताना मेंदू शांत असतो. 'तिनं चहात साखर घालून तो शिवला' असं ऐकलं की मेंदू दचकतो. अर्ध्या सेकंदाच्याही आत, माणसाला हसू येण्याआधी, मेंदूतल्या विजेच्या लाटेत एक खड्डा पडतो. तसाच खड्डा 'म्हैस अंडी घालते' असं म्हटल्यावरही पडतो, कारण शब्द बरोबर असले तरी म्हैस काय करते हे ऐकणाऱ्याला माहीत असतं. हा दचका दाबता येत नाही आणि त्याचं सोंगही आणता येत नाही.

यंत्र या दचक्यावरच चालत होतं. धोरणातली साठ वाक्यं एकेक करून समोर यायची. त्यातली काही मुद्दाम उलटी केलेली असायची. ज्याला धोरण समजलं आहे त्याचा मेंदू उलट्या वाक्याला दचकणार आणि खऱ्या वाक्याला शांत राहणार. ज्याला समजलेलं नाही तो भलत्याच ठिकाणी दचकणार, नाहीतर कुठंच दचकणार नाही. शंभरात नव्वद पडले की त्या माणसाला 'बोध झाला' असं प्रमाणपत्र निघायचं, आणि न्यायालयात ते त्याच्या सहीपेक्षा वरचढ मानलं जायचं. प्रमाणपत्र असलेल्या कामगारानं नियम मोडला तर तो 'जाणता भंग', म्हणजे त्याला तुरुंग. प्रमाणपत्र नसलेल्याला कामावर ठेवलं तर दोष कंपनीचा. त्यामुळे ज्याला बोध झाला नाही त्याला कंपनी दुसऱ्या दिवशी घरी बसवायची.

कामगारांनी त्या पट्ट्याला पहिल्याच आठवड्यात 'बाशिंग' असं नाव ठेवलं. शेजारच्या खतकारखान्यात एका महिन्यात चौदा जणांची बाशिंगं सुटली आणि ते चौदा जण गेटाबाहेर गेले. तेव्हा मात्र थट्टा थांबली.

रंगराव पिसाळ, म्हणजे रंगतात्या, त्या आठवड्यात तृप्तीच्या खोलीत आले ते स्टीलच्या डब्यात चीक घेऊन. नुकत्याच व्यालेल्या म्हशीचा घट्ट, पिवळसर चीक ते तिला दरवर्षी आणून देत. तात्या कॉम्प्रेसरखोलीचे ऑपरेटर. दूध थंड ठेवणारी अख्खी अमोनियाची यंत्रणा त्यांच्या कानावर चालायची. कॉम्प्रेसरच्या आवाजात जरासा फरक पडला तरी जेवणाच्या ताटावरून उठून जाणारा माणूस. मात्र शाळा चौथीत सुटलेली, आणि संगणकाच्या पडद्यासमोर बसवलं की मास्तरसमोर उभं केल्यासारखे हात मागं बांधायचे.

"एक वरीस ऱ्हायलंय गं माझं," ते म्हणाले. "त्येवढं निघालं पायजे. माझ्या डोस्क्यात त्ये बाशिंग काय वाचनार? आत वाचन्यासारकं कायबी न्हाय."

तृप्तीला त्यांना नाही म्हणता येणार नव्हतं. तिचे वडील आणि तात्या एकाच बर्फ कारखान्यात होते. चौदा वर्षांपूर्वी तिथं अमोनियाची नळी फुटली आणि वडील आत अडकले. दार जाम झालं होतं, असं सगळे सांगत. वडील दाराशीच सापडले. त्यानंतर तात्यांनी नीरगंगात नोकरी धरली आणि दोन वर्षांनी साहेबांच्या पाया पडून तृप्तीला इथं चिकटवून घेतलं. आईच्या दुखण्याखुपण्याला, घर शाकारायला, सगळ्याला तात्या धावून येत. सख्खा काका एवढं करत नाही, असं आई म्हणायची.

बोधमापकात एक फट होती. माणसाची ओळख पटवायला यंत्र सुरुवातीला एकदा चेहरा पाहायचं आणि मग पट्टा कुणाच्या कपाळावर आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसायचं. तात्या कॅमेऱ्यासमोर हसले, बाजूला झाले आणि तृप्तीनं पट्टा स्वतःला बांधला. सत्त्याण्णव पडले. मग बॉयलरवाला आला, मग टँकर धुणारे दोघं आले. असे अकरा जण. त्या वर्षी तृप्तीनं अकरा जणांची बाशिंगं आपल्या कपाळाला बांधली आणि प्रत्येक वेळी सत्त्याण्णवच्या आसपास गुण मिळवले. धोरण तिला पाठच होतं.

फक्त एका वाक्याला दर वेळी तिच्या छातीत काहीतरी हलायचं. एकेचाळिसावं. 'गळती झालेल्या खोलीत सहकारी अडकला असल्यास आत जाऊ नये. दार बंद ठेवून बाहेर पडावे.' ते वाक्य बरोबरच होतं, उलटं केलेलं नव्हतं. ते आलं की ती डोळे मिटायची आणि पुढच्या वाक्याची वाट बघायची.

एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला भोंगा झाला.

तृप्ती खिडकीशी धावली. पॅकिंग हॉलमधून बायका तोंडाला पदर लावून बाहेर पळत होत्या. नाकाला आधी तो उग्र, डोळ्यांतून पाणी काढणारा वास आला आणि मग तिला दिसलं की कॉम्प्रेसरखोलीकडून तात्या येत आहेत, पाठमोरे, वाकलेले, हाताखालच्या अंकुश गुरवला काखेत हात घालून फरफटत ओढत. तोंडाला ओला पंचा बांधलेला. त्यांच्यामागं खोलीचं दार सताड उघडं होतं आणि त्यातून पांढरा धूर पॅकिंग हॉलकडे सरपटत होता.

अंकुश वाचला. तात्यांची फुप्फुसं भाजली, पण तेही वाचले. हॉलमधल्या पाच बायका दवाखान्यात गेल्या आणि त्यांतल्या रेश्मा मुलाणीचा उजवा डोळा गेला. दार बंद राहिलं असतं तर हॉलमध्ये वायू शिरला नसता, हे सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नव्हती. अंकुश मात्र आत मेला असता, हेही तितकंच उघड होतं. श्वासाचे मुखवटे घेऊन अग्निशमनवाले आले, तोवर पंचवीस मिनिटं उलटली होती.

चार दिवसांनी पुण्याहून इरावती दळवी आल्या. मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख. आवाज कधी चढत नसे आणि म्हणूनच त्यांची भीती वाटे. त्यांनी तृप्तीसमोर एक कागद ठेवला.

"रंगराव पिसाळ यांचं बोध प्रमाणपत्र. सत्त्याण्णव. यावर प्रशिक्षण अधिकारी म्हणून तुमची साक्षांकित सही हवी. परवा कारखाने निरीक्षक चौकशीला येतायत."

"सही केली की काय होईल, मॅडम?"

"त्यांना नियम माहीत होता, तो समजला होता आणि तरी त्यांनी दार उघडलं. जाणता भंग. एका बाईचा डोळा गेलाय, तेव्हा चार-पाच वर्षं तरी होतील." त्या थोडं थांबल्या. "मलाही वाईट वाटतंय. पण प्रमाणपत्र नसतं तर आरोपीच्या खुर्चीवर कंपनी बसली असती. तुम्ही तुमचं काम चोख केलंय, तृप्ती. तुमच्याकडच्या अकरा जणांना सत्त्याण्णवच्या आसपास गुण आहेत. पुण्यात तुमचं उदाहरण देतात."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. ज्या कागदानं तात्यांची एक वर्षाची नोकरी वाचली, तोच आता त्यांना अठ्ठावन्नाव्या वर्षी, भाजलेल्या फुप्फुसांनिशी कळंब्याच्या तुरुंगात पाठवणार होता. आणि तो कागद तृप्तीनं स्वतःच्या कपाळानं मिळवला होता. "उद्या सही करते," असं म्हणून ती उठली.

घरी तिनं आईला सगळं सांगितलं. दुसऱ्याच्या नावानं बाशिंग बांधणं हा गुन्हा होता, नोकरी तर जाणारच होती आणि खटलाही झाला असता. आई शेंगा निवडत होती. तिनं सूप बाजूला सारलं.

"तात्या आपल्या दारात उभा ऱ्हायला नसता तर आपन कुटं असतो?" ती म्हणाली. "खोटं रोज सांभाळावं लागतं, तृप्ते. खरं एकदाच बोलावं लागतं. जा आन् बोलून ये."

दुसऱ्या दिवशी तिनं सही केलीच नाही. तात्यांना दवाखान्यात भेटून एवढंच सांगितलं, की तुम्ही काही बोलू नका, मी बोलणार आहे. तात्यांच्या नाकात नळी होती. त्यांनी मान हलवली, ती हो म्हणून की नको म्हणून, हे तिला कळलं नाही.

चौकशी कॅन्टीनमध्ये झाली. टेबलं भिंतीला सारून मधे चार खुर्च्या मांडल्या होत्या. निरीक्षक बाबर हे साधेसे, पिकल्या मिशांचे गृहस्थ, आल्या आल्या त्यांनी पंखा कमी करायला सांगितला. दळवी मॅडम डावीकडे बसल्या. तात्यांना व्हीलचेअरवरून आणलं होतं.

प्रमाणपत्र वाचून दाखवलं गेलं तेव्हा तृप्ती उभी राहिली.

"साहेब, तो बोध त्यांचा नाही. माझा आहे. पट्टा मी बांधला होता. त्यांच्या नावानं आणि आणखी दहा जणांच्या नावानं."

कॅन्टीनच्या खिडक्यांबाहेर उभे असलेले कामगार गजांना आणखी चिकटले. दळवी मॅडमनी पापणीसुद्धा हलवली नाही.

"ही मुलगी भावनेच्या भरात बोलतेय," त्या म्हणाल्या. "पिसाळ तिचे वडिलांसारखे आहेत. त्यांना वाचवायला ती काहीही सांगेल. पुरावा आहे का?"

"आहे," तृप्ती म्हणाली. रात्रभर विचार करून तिनं एवढी एक गोष्ट शोधली होती. "प्रमाणपत्रावर फक्त बेरीज असते. प्रत्येक वाक्याच्या लाटा पट्टा बनवणाऱ्यांकडं वर्षभर साठवलेल्या असतात. त्या मागवा. एकेचाळिसावं वाक्य बघा."

तृप्तीनं सांगितलेली दहा नावं, तात्यांचं आणि तिचं स्वतःचं घालून बाबरसाहेबांनी आपल्या यंत्रावरून मागणी पाठवली. सरकारी मागणीला कंपन्या एरवी आठवडा लावतात, पण ही थेट कायद्याच्या कलमाखालची होती, दहा मिनिटांत उत्तर आलं. भिंतीवर अकरा आलेख उमटले, एकाखाली एक. अकरा नावं, अकरा माणसं, आणि प्रत्येकाच्या एकेचाळिसाव्या वाक्याखाली तोच खोल खड्डा, त्याच आकाराचा. शेवटी बाराव्या ओळीत तृप्तीचं स्वतःचं नाव होतं आणि त्याखालीही तोच खड्डा होता.

"अकरा जण एकाच ठिकाणी एकाच तऱ्हेनं दचकत नाहीत," बाबर हळूच म्हणाले. "पण हे वाक्य तर बरोबर आहे. यंत्राच्या हिशेबी तुम्हाला ते समजलेलंच नाही. का हो?"

"माझे वडील तसेच अडकले होते, साहेब. आत."

बाबरांनी चष्मा काढून पुसला. प्रमाणपत्र त्यांनी रद्द केलं आणि तृप्तीच्या नावापुढं खोट्या नोंदीचा गुन्हा लिहून घेतला. तिला वाटलं, आपण बुडालो पण तात्या सुटले. अगदी त्याच क्षणी दळवी मॅडम बोलल्या.

"प्रमाणपत्र रद्द झालं म्हणजे पिसाळांना नियम माहीत नव्हता असं सिद्ध होत नाही. पंधरा-वीस वर्षं अमोनियावर काम केलेला माणूस आहे. कायद्यात तरतूद आहे, साहेब. शंका असेल तर चौकशीत समक्ष बोध मोजता येतो. आत्ता मोजा."

"त्यांना वाचता येत नाही नीट," तृप्ती म्हणाली.

"ऐकवायची सोय आहे. पहिल्या दिवसापासून आहे, तीही साध्या बोलीत." मॅडमनी पहिल्यांदाच तिच्याकडं रोखून पाहिलं. "तुम्ही ती कधी उघडूनच बघितली नाहीत."

हे मात्र खरं होतं. तृप्तीला तोंड लपवावंसं वाटलं. बारा वर्षं ती या माणसांवर उपकार करत आली होती आणि त्यांना काय कळतं, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

तात्यांच्या कपाळाला पट्टा बांधला. यंत्रातून एका बाईचा आवाज यायला लागला, सावकाश, घरातल्या माणसानं सांगावं तसा. 'गळती झाली की वाऱ्याबरोबर पळायचं नाही, वाऱ्याला आडवं पळायचं.' भिंतीवरची रेघ शांत. 'अमोनिया अंगावर आला तर पाणी लावायचं नाही.' रेघ दचकली. बरोबर. 'ओल्या फडक्यानं थोडा वेळ निभतं.' शांत. 'व्हॉल्व्ह बंद करताना तोंड त्याच्यावर आणायचं.' दचकली. बरोबर.

दहा झाली, वीस झाली. एकही चूक नाही. खिडकीबाहेर कुणीतरी कौतुकानं हुंकार दिला. तात्यांना सगळं येत होतं. तिच्यापेक्षा जास्त येत होतं, कारण तिनं ते पाठ केलं होतं आणि ते त्यात जगले होते. त्यांना तिच्या कपाळाची गरज कधीच नव्हती. आणि आता हेच येणं त्यांना तुरुंगात नेणार होतं. दळवी मॅडम खुर्चीत मागं रेलून बसल्या.

तीस. पस्तीस. तृप्तीनं तात्यांकडं पाहिलं. त्यांनी व्हीलचेअरचे दोन्ही हात घट्ट धरले होते. चाळीस.

'खोलीत आपला माणूस अडकला असला तरी आत जायचं नाही. दार लावायचं आणि बाहेर पडायचं.'

रेघ कोसळली. तृप्तीच्या खड्ड्याच्या दुप्पट खोल, इतकी की आलेखाच्या चौकटीबाहेर गेली आणि यंत्राला मोजपट्टी बदलून पुन्हा काढावी लागली. तात्यांचा चेहरा मात्र दगडासारखा होता. पडद्यावर तांबड्या अक्षरांत उमटलं: वाक्य ४१, बोध नाही.

उरलेली एकोणीस वाक्यंही बिनचूक झाली. बाबर बराच वेळ त्या एका खड्ड्याकडं पाहत राहिले. मग त्यांनी बाराव्या ओळीतल्या तृप्तीच्या खड्ड्याकडं पाहिलं आणि परत तात्यांकडं.

"भंग ज्या नियमाचा झाला, नेमका तोच यांना समजलेला नव्हता," ते म्हणाले. "यंत्राची नोंद स्पष्ट आहे. अजाणता चूक. जबाबदारी कंपनीची."

"साहेब," दळवी मॅडम पुढं झुकल्या, "हा दचका न समजल्याचा नाही. ते उघड दिसतंय."

"मला काय दिसतंय याला कायद्यात जागा नाही, मॅडम. तुमच्याच कारखानदार संघटनेनं मागणी करून ती काढून टाकलीय. माणसाच्या शब्दापेक्षा यंत्राची नोंद श्रेष्ठ."

तेवढ्यात तात्या बोलले. आवाज घरघरत होता. "साहेब, मला येक सांगायचं हाय. त्ये वाक्य मला..."

"पिसाळ," बाबरांनी त्यांना तिथंच थांबवलं, "समक्ष मोजणीनंतर तोंडी जबाब घ्यायची तरतूद नाही. मी ऐकलं तरी लिहू शकत नाही." त्यांनी फाईल मिटली आणि दोरी बांधली. "घरी जा. विश्रांती घ्या."

पुढं दोन महिन्यांत कंपनीवर खटला उभा राहिला आणि रेश्माच्या दवाखान्याचा भार कंपनीला उचलावा लागला. तृप्तीची नोकरी मात्र चौकशीच्याच दिवशी संध्याकाळी गेली. टेबलाचा खण रिकामा करताना तिला पासवर्डची जुनी वही सापडली. ती तिनं पिशवीत टाकली.

गेटाबाहेर चिंचेखाली तात्या बसून होते. व्हीलचेअर त्यांनी परत पाठवली होती आणि मुलाची रिक्षा आली तर तिलाही माघारी धाडलं होतं. तृप्ती स्कूटर ढकलत त्यांच्यापाशी आली. तिला हलकं वाटत होतं. नोकरी गेली होती, पण आईला सांगता येण्यासारखं काहीतरी हातून झालं होतं.

"सुटलात, तात्या," ती म्हणाली.

"न्हाय सुटलो." ते तिच्याकडं बघत नव्हते. "रेश्माचा डोळा माझ्याच माथ्यावर हाय. यंतर काय बी म्हनू दे. मला समदं कळत हुतं. दार उघडलं तर वारं हालकडं जानार, हे बी ठावं हुतं."

"मग कशाला उघडलंत?"

तात्यांनी आधी नीट श्वास भरून घेतला.

"बर्फाच्या कारखान्यात नळी फुटली तवा आमी दोघं आत हुतो. म्या भायेर आलो. तुझा बा पाच पावलं मागं हुता. मुकादम वरडत हुता, दार लाव, दार लाव, न्हायतर समदी मरतील. नियमच तसा हुता." त्यांनी चिंचेच्या खोडाला हात टेकला. "दार जाम झालं न्हवतं, पोरी. म्या लावलं. कडी म्या घातली आन् कडीवर हात ठिवून हुबा ऱ्हायलो. त्या येळंला अठरा मानसं वाचली. मुकादमानं माझी पाठ थोपटली."

वसाहतीच्या रस्त्यावरून दुधाचे दोन टँकर गेले. तृप्तीच्या हातात स्कूटरचं हँडल तसंच होतं. एकेचाळिसाव्या वाक्याला बारा वेळा डोळे मिटताना तिला नेहमी दाराच्या आतला माणूस दिसला होता. दाराबाहेर कुणी उभं असेल, हे तिच्या मनात कधीच आलं नव्हतं. चीक, नोकरी, घराचं छप्पर, आईची औषधं, हे सगळं कुठून येत होतं ते आता तिला कळलं आणि कळू नये असं तीव्रतेनं वाटलं. तिला त्यांचा राग आला. इतका, की एक क्षण तिनं स्कूटर वळवली, त्यांना तिथंच चिंचेखाली टाकून जाण्यासाठी.

पण ती गेली नाही. तिनं एकच विचारलं, तेही स्वतःला न ओळखू येणाऱ्या आवाजात.

"बाबा किती वेळ दार वाजवत होते?"

तात्यांनी तळहात उलटा करून पाहिला, जणू त्याच्यावर काही लिहिलेलं असावं.

"मोजलं न्हाय," ते म्हणाले. "अजून थांबलं न्हाय त्ये."

पाळी सुटल्याचा भोंगा झाला, गेटातून माणसं बाहेर यायला लागली. तृप्तीनं पिशवी पुढं अडकवली, मागची सीट हातानं झाडली आणि गाडी सुरू केली.

"बसा," ती म्हणाली, आणि तात्या उठून मागं बसेपर्यंत पाय टेकवून थांबली.